जेवणाचं यंत्राला सांगावंच लागतं

मधुमेहात कृत्रिम स्वादुपिंड, म्हणजे साखर मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिन सोडणारा पंप यांची जोडी, लावलं की पथ्यपाणी, हिशेब सगळं सुटतं, असं काही जण म्हणतात. तेवढं सोपं नाही हो. अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालेलं मेडट्रॉनिक कंपनीचं ६७०जी काय, नंतरची बहुतेक यंत्रं काय, सगळी ‘हायब्रिड’, म्हणजे अर्धीच स्वयंचलित. सेन्सरच्या आकड्यांवरून पंप इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतो, पण जेवणात कर्बोदकं किती, ते माणसानेच आधी सांगायचं. कारण सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर बघतो. ती काही मिनिटं मागेच असते. वर त्वचेखाली सोडलेलं इन्सुलिन पूर्ण जोर धरायला तासभर घेतं. तोवर पुरणपोळी आपलं काम करून मोकळी!

खरा फायदा रात्रीचा. साखर उतरू लागली की पंप स्वतःच हात आखडता घेतो. टाइप १ मधुमेह असलेल्या पोरांच्या आयांना विचारा.