प्रथमोपचाराचा वर्ग घ्या, पण आजीला बोलवा

पांढरकवड्याकडचा
येत्या ग्रामसभेत ठराव मांडतो आहे: सहा वर्षांखालचं लेकरू असलेल्या प्रत्येक घरातून एकाने प्रथमोपचाराच्या वर्गाला यावं. तो एक माणूस म्हणजे आई किंवा बापच पाहिजे असं नाही. दिवसभर लेकरू ज्याच्याजवळ असतं, त्याने यावं. वेचणीच्या दिवसांत आई-बाप दोघंही सकाळीच वावरात जातात. घरी आजी असते, नाहीतर मोठी बहीण. मागे असा कार्यक्रम झाला तो भर हंगामात, दुपारी. ज्यांच्या कडेवर लेकरं असतात त्यांच्यातलं कोणी येऊच शकलं नाही.

वर्ग का, तर घशात शेंगदाणा किंवा हरभरा अडकला आणि श्वास पूर्ण बंद झाला, की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात तालुक्याहून कोण येणार? जे करायचं ते घरातल्याच हातांनी. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच निघत नसेल आणि ते वर्षाच्या आतलं असेल, तर आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर, खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मधे पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत थापा. पोट दाबायचं नाही, न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही. हे वाचून येत नाही. बाहुलीवर हात बसवावा लागतो.

गावात दोघांनी विरोध केला आहे. इथे मोकळेपणाने बोला.

आर्णी रोड
त्या दोघांतला एक मीच. दादा, तुमच्या मनाबद्दल शंका नाही, तरी मी विरोधात हात वर करणार. उपकेंद्राला कुलूप, आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नाही, आणि आपण म्हाताऱ्या बायांना शिकवायला निघालो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या लेकराला चावते. कित्येकदा दुखतही नाही, खूण दिसत नाही. त्याला प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं आणि गरज पडली तर श्वासाचं यंत्र. ते आजीजवळ आहे का?

2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यानंतर मजुराच्या कानावर सगळ्यात जास्त काय पडलं? हातमोजे घाला, तोंड बांधा. दोष फवारणाऱ्याच्याच अंगावर आला. उद्या लेकरू दगावलं तर हेच म्हणतील, वर्गात शिकवलं होतं ना? मला त्या आजीच्या डोक्यावर हे ओझं नको आहे.

अंगणवाडीतली ताई
दादा, वर्ग घ्या म्हनता, पन घेनार कोन? शेवटी माह्याच गळ्यात येते. पोषण ट्रॅकर भरा, वजनं घ्या, आहार वाटा, आता हेबी. शिकवनारा बाहेरून आना, मी बाया गोळा करून देतो.

पन वर्ग पाह्यजेच. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका पोट्ट्यानं ओल्या पायानं टिनाच्या कूलरले हात लावला. तो तिथंच चिकटला. आजी धावली ते सरळ त्याले ओढाले. शेजारच्या पोरानं आजीले मागं खेचलं अन् आधी पिन काढली. दोघंबी वाचले. त्या पोराले शाळेत सांगतलं होतं. आजीले कोनी सांगतलं होतं? आर्णीवाले भाऊ, इथं दवाखाना असता तरी काय केलं असतं?

तालुक्याची परिचारिका
मी अपघात विभागात काम करते. भाजलेल्या लेकराला टूथपेस्ट किंवा हळद थापून आणलेलं नेहमी पाहते. आधी ते सगळं धुवून काढावं लागतं, आणि त्या धुण्यात लेकरू जे ओरडतं ते ऐकवत नाही. रॉकेल प्यायलेल्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात, मग तेच रॉकेल फुफ्फुसात जातं. शेततळ्यातून काढलेल्या मुलाला पाय धरून गरगर फिरवतात, आणि श्वास द्यायचा वेळ त्यातच निघून जातो.

तरी एका दिवसाच्या वर्गावर माझा विश्वास नाही. सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचं तंत्र, सराव नसला की काही महिन्यांतच हातातून जातो. आम्हालाही पुन्हा पुन्हा शिकवतात ते त्यासाठीच. अर्धं आठवलेलं तंत्र लेकरावर नको. माझ्या मते फक्त काय करू नये तेवढंच सांगा आणि 108 ला फोन करायला शिकवा.

पांढरकवड्याकडचा
ताई, तुमचं ‘करू नका’ सगळं मान्य. पण नुसतं ‘नका’ ऐकलेला माणूस घाबरून उभा राहतो. अंगावर चहाचं आधण सांडलं तर वीस मिनिटं साधं थंड पाणी ओतत राहा, बर्फ नको, मग स्वच्छ सुती कापड झाका. नळ नसेल तर तांब्याने ओता. यात विसरण्यासारखं काय आहे?

आणि गावातल्या बाईला जमणार नाही, हे विदर्भात तरी कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास न घेणारं बाळ कसं हाताळायचं, जंतुसंसर्गाला इंजेक्शन कसं द्यायचं, इथपर्यंत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं: 39 गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात त्याचं मूळ तिथे आहे.

आर्णी रोड
हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे! तिथे एक दिवसाचा वर्ग नव्हता. बाया निवडल्या, वर्षानुवर्षं शिकवल्या, त्यांच्या हातात औषध दिलं, वरून तपासणारं माणूस ठेवलं. तुमच्या ठरावात यातलं काय आहे? बॅनर, नाश्ता, फोटो आणि हजेरीची वही, एवढंच होणार असेल तर माझा विरोध कायम.

पांढरकवड्याकडचा
हे पटलं. ठराव बदलतो. वर्ग एकदा नाही, दर तीन महिन्यांनी, लसीकरणाच्या दिवशीच. आजी त्या दिवशी लेकरू घेऊन येतेच. बाहुली ग्रामपंचायतीची, अंगणवाडीत ठेवलेली, म्हणजे मधल्या दिवसांतही हात लावता येईल. शिकवायला बाहेरचा प्रशिक्षक, अंगणवाडीताईंवर काम नाही. पण डॉक्टर येईपर्यंत थांबू म्हणाल तर ते ऐकणार नाही. वीस वर्षं मागून डॉक्टर टिकत नाही, त्या वीस वर्षांत किती लेकरं मोठी झाली ते बघा.

तालुक्याची परिचारिका
दर तीन महिन्यांनी असेल तर मी सुट्टीच्या दिवशी येईन, पैसे नको. फवारणीच्या औषधासाठी वेगळा तास ठेवा: बाटली खाटेखाली नाही, कुलपात. अंगावर सांडलं तर कपडे काढा, साबणपाण्याने धुवा. दवाखान्यात येताना बाटली सोबत आणा, आम्हाला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

अंगणवाडीतली ताई
माह्या सासूले विचारलं. ती म्हने, बाहुलीवर हात ठेवाले येईन, पन माइकवर बोलनारं कोनी नको, समोर बसून दाखवनारी बाई पाह्यजे.

आर्णी रोड
मग आणखी दोन ओळी टाका. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असलाच पाहिजे, ही मागणी याच ठरावात, वेगळ्या कागदावर नाही. आणि 108 ला फोन कधी केला, गाडी कधी पोचली, याची नोंद दर वेळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. हे लिहिलंत तर मी विरोध मागे घेतो. नाही लिहिलंत तर सभेत उभा राहून बोलणार.