पदवीनंतरची तीस-चाळीस वर्षं: वर्गमित्रांशी संबंध कसा टिकवलात? (अनुभव धागा)

सुरुवात मी करतो. मी धुळ्याचा, १९८६ ला बी.कॉम. झालो. जळगावचं विद्यापीठ १९९० ला निघालं, त्यामुळे आमच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे. शेवटच्या पेपरच्या दिवशी मी शंभर पानी वहीत सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले होते. ५४ पत्ते. निम्म्यांवर ‘मु. पो. अमुक, ता. साक्री’ नाहीतर ‘ता. शिंदखेडा’. नंदुरबारचे दहा-बारा जण होते, त्यांच्या पत्त्यावर जिल्हा धुळेच आहे, कारण तो जिल्हा वेगळा झाला १९९८ ला. वहीत फोन नंबर मात्र एकच, तोही एका मित्राच्या वडिलांच्या आडतीचा.

वही तेवीस वर्षं ट्रंकेत पडून होती. २००९ ला मुलीची अ‍ॅडमिशन झाली, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा बाहेर काढली आणि त्या ५४ पत्त्यांवर पत्रं टाकली. १९ उत्तरं आली. त्यातून एक गोष्ट लक्षात आली: ज्यांची गावाकडे शेती होती ते जवळजवळ सगळे सापडले. मुलगा सुरतेला असो की पुण्याला, पत्र चुलत्याकडे पोचलं आणि चुलत्यानं नंबर कळवला. सापडले नाहीत ते बदलीवर आलेल्या नोकरदारांची मुलं. सरकारी क्वार्टरमध्ये पुढचा राहायला आला की आधीच्याचा ठावठिकाणा कोणालाच नसतो. त्यातला एक माझ्या बाकावर बसायचा. त्याला मी अजून शोधतोय.

तुम्ही काय केलंत? जमलेलं लिहा, तुटलेलंही लिहा.

शहादा, बी.ए. १९९१

दादा, तुमच्या वहीत मुलींचे पत्ते किती होते? असतील तर त्यातल्या किती सापडल्या? मुलांना शोधणं सोपं आहे. आमचं आडनावच बदलतं, आणि आमच्यातल्या तिघींची तर नावंही सासरी बदलली. दोन वर्षांत अकराच्या अकरा जणींची लग्नं झाली. कोणी उधन्याला, कोणी चाळीसगावला, कोणी नाशिकला. सासरी फोन असला तरी तो सासऱ्यांच्या खोलीत.

आम्हाला जोडून ठेवलं ते आखाजीनं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनं. आखाजीला लेकीबाळी माहेरी येणार, हे आपल्याकडे कोणी सांगावं लागत नाही. झोका बांधलेला असतो, घागर भरायची असते, आमरस-पुरणपोळी असते. १९९४ ला आम्ही दोघी शहाद्याच्या बसस्टँडवर अचानक भेटलो, दोघींच्या कडेवर पोरं. तिथंच ठरवलं की आखाजीच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता तिच्या आईकडे जमायचं. पुढच्या वर्षी पाच जणी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आठ. पत्र नाही, फोन नाही. दिवस ठरलेला, ओटा ठरलेला.

मग एकेकीचे आई-वडील गेले. भावाचं घर असतंच, पण प्रत्येकीच्या भावजयीचा स्वभाव सारखा नसतो. एकीनं येणं बंद केलं. आम्हाला वाटलं आजारी असेल. तिच्याकडे गेलो तेव्हा रडत म्हणाली, ‘मी उतरू कोणाकडे?’ ते ऐकून आम्हाला आमचीच लाज वाटली, इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. आता माझं सासर-माहेर दोन्ही शहाद्यात आहे, तर आखाजीला माझ्या घरची वरची खोली मैत्रिणींची. चार गाद्या त्यांच्यासाठीच भरून घेतल्यात.

एक साधी गोष्ट इतर बायांसाठी: फोनमध्ये मैत्रिणीचं नाव माहेरच्या आडनावानं ठेवा आणि पुढे सासरचं गाव लिहा. आमच्या पोरांनासुद्धा आता ती तशीच माहीत आहेत.

भुसावळ, बी.एस्सी. १९७९

मी रेल्वेत होतो. आमचं सगळं पोस्टकार्डावर चालायचं, पंधरा पैशांना एक. बदली झाली की पहिल्या आठवड्यात सहा मित्रांना सहा कार्डं, फक्त नवा पत्ता. इटारसी, नागपूर, परत भुसावळ. सहांपैकी चौघे आज हयात आहेत आणि चौघांशी रोज बोलणं होतं. कार्डं त्यांनी जपली, मी नाही जपली, याचं वाईट वाटतं.

धुळे, कृषी महाविद्यालय, १९९३

हे लिहायला जड जातंय. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप २०१५ पासून आहे, सत्तर जणांचा. सकाळी फुलं, रात्री भाषणं. निवडणुकीच्या वेळी दोन गट पडले, बारा जण निघून गेले. त्यात आमच्या हॉस्टेलमधला एक जण होता. शांत, कपाशीवरच्या बोंडअळीवर तासभर बोलू शकणारा. भांडणात तो नव्हताच, बहुतेक कंटाळून गेला असेल. कोणी परत बोलावलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मी त्याला वाढदिवसाचा मेसेज टाकला. उत्तर त्याच्या मुलानं दिलं: पप्पा मे महिन्यातच गेले, कोरोनात. आठ महिने. दोन गावं पलीकडे, मोटारसायकलवर चाळीस मिनिटं. त्या मे महिन्यात आमच्यातले तिघे डॉक्टरांच्या ओळखीचे होते, एकाच्या भावाकडे ऑक्सिजन सिलिंडरची एजन्सी होती. ग्रुपवर एक ओळ आली असती तर तो वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण ती ओळ टाकायला त्याला जागाच उरली नव्हती, आणि ती जागा आम्ही घालवली.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. ग्रुप सोडून गेलेल्या सर्वांच्या घरी जाऊन त्यांना परत आणायचं. फोनवर नाही, घरी. दहा परत आले. दुसरं, निरोपांसाठी वेगळा ग्रुप, त्यात दुखणं, मयत, लग्न आणि मदत एवढंच. फॉरवर्ड टाकलं की काढून टाकायचं, मग टाकणारा कितीही मोठा साहेब असो. तिसरं, प्रत्येकाकडून घरातल्या एका माणसाचा नंबर घेतलाय. बायकोचा, मुलाचा, शेजारच्या शेतवाल्याचा, कोणाचाही. ज्यांचे ग्रुप आहेत त्यांनी निदान एवढं तरी आजच करा.

जळगाव, बी.एस्सी. १९८८

आमचं पहिलं स्नेहसंमेलन पंचवीस वर्षांनी एका रिसॉर्टवर झालं. वर्गणी अडीच हजार, टी-शर्ट, ट्रॉफी, फोटोग्राफर. ३१ जण आले. छान झालं असंच सगळे म्हणत होतो. न आलेल्यांपैकी एकाला मी नंतर यावलच्या बाजारात भेटलो. कारण विचारलं तर म्हणाला, ‘भाऊ, अडीच हजारात माझं महिन्याचं किराणा येतं.’ मग खाली बघून म्हणाला, ‘आणि मी तर टीवायला राहिलो होतो. मी कसला तुमचा बॅचमेट?’ तीन वर्षं एका टेबलावर प्रॅक्टिकल केलेला माणूस हे बोलत होता.

पुढच्या वर्षीपासून रिसॉर्ट बंद. आता दरवर्षी हिवाळ्यात त्याच्याच शेतावर भरीत पार्टी. मोठी हिरवी भरताची वांगी, माणशी अर्धा किलोच्या हिशोबानं. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची. गॅसवरच्या भरताला तो धुराचा वास येतच नाही. सोलणं बायांवर सोडायचं नाही, हे पहिल्याच वर्षी ठरलं. सोलायला प्राध्यापक, हिरवी मिरची-लसूण ठेचायला वकील, कांद्याची पात चिरायला बँकवाले. भरीत लाकडी बडजीत ठेचायचा मान मात्र शेतमालकाचा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, पुऱ्या, केळीची पानं त्याच्याच बागेतली. वर्गणी म्हणून एक बंद डबा ठेवतो, ज्याला जे टाकायचं ते टाकावं, नाव लिहायचं नाही. गेल्या तीन वर्षांत पैसे कमी पडले नाहीत. माणसं ५० च्या वर येतात. पास-नापास कोणी काढत नाही, आणि काढलं तर मी काढू देत नाही.

चोपडा, डी.एड. १९८७

मी ग्रुपमध्ये नाही. मुलाचं लग्न जमत नव्हतं त्या काळात रोज कोणाच्या तरी नातवाचे फोटो बघवेनात, म्हणून बाहेर पडले. कोणावर राग नाही. माझी एकच मैत्रीण आहे, सावद्याची. दर गुरुवारी रात्री जेवणं आटोपल्यावर फोन, ३० वर्षं झाली. आधी एसटीडी बूथवरून, रात्री उशिरा दर उतरल्यावर, समोरच्या काचेत पळणारे आकडे बघत. मला तेवढं पुरतं.

अमळनेर, बी.ए. १९८५

फेब्रुवारी २०२४ ला आमच्या प्रताप कॉलेजच्या आवारात ९७ वं साहित्य संमेलन भरलं. १९५२ नंतर पहिल्यांदाच संमेलन अमळनेरला आलं. मी पुण्याहून आलो, खरं तर कॉलेज बघायला. पुस्तकांच्या स्टॉलजवळ गर्दीत कोणीतरी मागून खांद्यावर हात टाकला. वळून बघितलं, टक्कल, जाड चष्मा, पांढरी टोपी. मी गप्प. तो म्हणाला, ‘काय भो, वळखं का?’

चेहऱ्यावरून मुळीच नाही ओळखलं. पण त्या ‘भो’वरून लगेच कळलं. हॉस्टेलमध्ये आम्हा दोघांचीच अहिराणी रोज चालायची; पुण्यात मी ती कोणाशी बोलत नाही, घरी बायकोलाही येत नाही. ३९ वर्षांनी तोंडातून आपोआप निघालं, ‘वळखं ना भो!’ आणि दोघं तिथंच धक्के खात उभे राहिलो.

त्याच दिवशी संध्याकाळी तो मला आमच्या मराठीच्या सरांकडे घेऊन गेला. सर नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं. तो गेली वीस वर्षं दर पंधरवड्याला जातो, औषधं आणतो, पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो. आमच्या वर्गात हे कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी मला ओळखलं नाही. त्याला म्हणाले, ‘ह्याला चहा सांग, आणि मागच्या वेळी अग्रलेख अर्धा राहिला होता, तो काढ.’ मग तो वाचायला बसला, आणि मी शेजारी.