स्लाव लोकांना ९व्या शतकातच आपल्या भाषेत मिस्सा कशी मिळाली?

वसईची लेक
आमच्याकडे वसईत मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत होते पण आजीच्या लहानपणी सगळी लॅटिनमध्येच असायची, आणि परवा वाचलं की सिरिल आणि मेथोडियस या भावांनी मोराव्हियात (आजच्या चेकियाच्या भागात) ८६३ च्या सुमारास स्लाव भाषेत उपासना सुरू केली. म्हणजे लोकांच्या भाषेत मिस्साला मोकळीक देणाऱ्या १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या हजारभर वर्षं आधी! रोमने चालू कसं दिलं? आणि तिथे जर्मन पाद्री आधीपासून होते, मग राजाने कॉन्स्टँटिनोपलहून माणसं कशाला बोलावली?

दर्यावर्दी
पाद्री होते म्हणूनच बोलावली. ते सगळे बव्हेरियाच्या बिशपांच्या हाताखालचे, आणि मोराव्हियाचा राजा रास्तिस्लावला पूर्व फ्रँकांचा (म्हणजे जर्मन मुलखाचा) राजा लुडविग डोक्यावर नको होता. म्हणून ८६२ ला त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राट मायकल तिसरा याच्याकडे शिक्षक मागितले, आणि सम्राटाने सिरिल-मेथोडियसना पाठवलं. हे दोघे भाऊ थेस्सलोनिकीचे, आजूबाजूला स्लाव वस्ती, त्यामुळे भाषा येत होती. धाकट्या सिरिलने त्या भाषेसाठी नवी लिपी केली, ग्लागोलिटिक. आजची सिरिलिक ही नव्हे, ती पुढे बल्गेरियात तयार झाली.

मालवणकर
पोप तेव्हा विरोधात नव्हताच, हे लोकांना माहीतच नसतं. व्हेनिसमध्ये काही पाद्री सिरिलशी भांडले की देवाची स्तुती फक्त हिब्रू, ग्रीक, लॅटिनमध्येच करायची, तर त्याने विचारलं देवाचा पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो ना? मला हे उत्तर जाम आवडतं. पुढे रोममध्ये पोप हेड्रियन दुसरा याने स्लाव पुस्तकांना आशीर्वाद दिला. सिरिल ८६९ ला तिथेच वारला. मेथोडियस आर्चबिशप झाला तर बव्हेरियाच्या बिशपांनी, हा मुलूख आमचा म्हणून, ८७० ला त्याला धरून कोंडलं, आर्चबिशपला! पोप जॉन आठवा याने दबाव आणल्यावर ८७३ ला सुटला.

वसईची लेक
बापरे. मग तो गेल्यावर?

दर्यावर्दी
८८५ ला तो वारला आणि नवीन पोप स्टीफन पाचवा याने स्लाव उपासनेवर बंदी घातली, आणि त्याच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आलं. पण त्यातल्या क्लेमेंट आणि नाउम यांना बल्गेरियाच्या बोरिसने आसरा दिला, आणि ती पुस्तकं पुढे सर्बिया, रशियापर्यंत पोचली.

मालवणकर
आणि क्रोएशियाचा किनारा विसरू नका. तिथे ग्लागोलिटिक शतकानुशतकं टिकली, १२४८ ला पोप इनोसंट चौथा याने सेन्यच्या बिशपला रीतसर परवानगी दिली, १४८३ ला त्या लिपीत मिस्साचं पुस्तक छापलंसुद्धा. क्रक बेटावरचा त्याच लिपीतला ११०० च्या आसपासचा बाश्का शिलालेख आहे त्याचा फोटो शोधून बघ, मूळ दगड आता झाग्रेबला ठेवलाय.