चमकोऱ्याची पानं कडेनं करपायलीत, लवकर सांगा

औशाची_लेक
लातूरला असते. गच्चीत चमकोरा म्हणजे अळू लावलाय, वडीचा, काळ्या देठाचा. आधी झकास होता, आता पानं कडेनं तपकिरी होऊन कुरकुरीत व्हायलीत. आधी खालची, मग वरची. पाणी भरपूर आहे, खतबी घालते. महालक्ष्म्या महिन्यावर आल्यात आणि सासूबाईंनी गल्लीभर सांगून ठेवलंय की औंदा वड्या घरच्याच पानांच्या. फोटो चढंना. काय फवारू तेवढं सांगा.

मोंढा_नाका
करपा. पावसाळ्यात अळूवर येतोच. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंनी. विषय संपला.

परभणीचा_बागवान
संपला कसा? पावसानं दडी मारलीय, हवा कोरडी ठाक. फायटोप्थोरा बुरशीचा करपा ओल्या हवेत पसरतो, पानावर पाणी धरल्यासारखे गोल डाग पडतात, त्यात वलयं दिसतात, कधी नारिंगी थेंब सुटतात. या म्हणतायत कडा कुरकुरीत. ताई, कुंडी का वाफा? पाणी कुठलं? खत कोणतं?

सेंद्रिय_मामा
रासायनिक बंद करा आधी. जीवामृत द्या. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. आमच्याकडं मोसंबीवर काय फरक पडला म्हणता!

मोंढा_नाका
मामा, गच्चीत 200 लिटर? खालचे भाडेकरू पळून जातील.

सुगरण_नांदेड
घसा खवखवत असेल तर पानांना चिंचेचा कोळ लावा. आणि वाफवताना घाई करू नका, कच्ची राहिली की चिंच कितीही घाला, खाजतंच.

औशाची_लेक
खवखवत नाहीये हो काकू, अजून वड्याच कुठं झाल्यात! मोठा प्लास्टिकचा टब आहे. काळी माती, वर शेडनेट. पाण्याची काळजीच नाही, फिल्टरच्या नळीचं वाया जाणारं पाणी त्यातच सोडलंय. डीएपी घालते अधूनमधून.

तहानलेला_लातूरकर
2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या गावात चमकोरा! धन्य.

औशाची_लेक
तेच पाणी गटारात सोडलं तर चालतं व्हय?

परभणीचा_बागवान
दोघं थांबा. ताई, फिल्टर बोअरच्या पाण्यावर आहे का? आणि टबाला खाली भोकं आहेत का?

औशाची_लेक
बोअरच. भोकं कशाला? चमकोऱ्याला चिखलच लागतो ना. भोकं पाडली तर गच्ची ओली राहील.

परभणीचा_बागवान
मग आता मातीवर आणि टबाच्या काठाला पांढरी पापडी धरलीय का बघा.

औशाची_लेक
आहे! मला वाटलं बुरशी. नखानं खरवडली तर मिठासारखी निघाली.

परभणीचा_बागवान
क्षार आहेत ते. फिल्टर लिटरभर गोड पाणी काढताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो आणि बोअरचे बहुतेक क्षार त्याच्यात जातात. एवढाली पानं पाणी उडवून टाकतात, क्षार मागं राहतात. भोक नाही म्हणजे बाहेर जायला वाट नाही. वरून डीएपी, तोही क्षारच. म्हणून जुन्या पानांच्या कडा आधी जळाल्या. औषधाचं काम नाही.
तळाला भोकं पाडा. पावसाचं नाहीतर नळाचं साधं पाणी टबाच्या दुप्पट-तिप्पट ओता, खालून निघून जाऊ द्या. खत बंद. मग टब उथळ परातीत ठेवा, चिखल राहील, पण दर आठवड्याला परात रिकामी करा. जळालेली कड हिरवी होत नाही, नवं पान बघायचं.

सेंद्रिय_मामा
आमच्या वाड्यात मोरीच्या पाण्यावर एवढा फोफावायचा की पान डोक्यावर धरून शाळेत जायचो. कसले क्षार!

परभणीचा_बागवान
मामा, तेव्हा भांडी राखेनं घासायचे आणि अळू जमिनीत असायचा, टबात कोंडलेला नव्हे. आणि त्या गोमूत्रातही क्षार असतात, टबात ओतायला सांगू नका.

सेंद्रिय_मामा
गोमूत्राबद्दल बोलायचं काम नाही.

तहानलेला_लातूरकर
गच्ची गळत असेल तर स्लॅबला वॉटरप्रूफिंग करून घ्या. आमच्याकडं केलंय, माणूस चांगला आहे.

औशाची_लेक
गळत नाहीये! बागवान दादा, ह्यांच्याकडून आत्ताच भोकं पाडून घेते. कडा कापून मधली पानं वडीला चालतील का?

परभणीचा_बागवान
चालतील की. काही फवारलं नाहीत ना?

औशाची_लेक
सकाळीच कॉपर मारलं. पहिलं उत्तर तेच होतं.

परभणीचा_बागवान
मग ही पानं खाऊ नका. यानंतर फुटतील ती घ्या. महिन्यात दोन-चार निघतील, नैवेद्यापुरती. बाकीची गंजगोलाईच्या बाजारातून आणा.

मोंढा_नाका
करप्याला तेच औषध आहे, मी चुकीचं काही सांगितलं नाही.

औशाची_लेक
विकतची पानं सासूबाई देठावरून ओळखतात. बघते.