मदत हवी आहे: आईला ‘ले मिझराब्ल’ दाखवायचंय, पण चित्रपटातल्या झावेरचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात तीन आठवडे सांगलीला जातेय. त्यातली एक संध्याकाळ आईला ‘ले मिझराब्ल’ दाखवायचंय आणि नेमकं कुठलं दाखवू यावर गाडी अडलीय. ज्यांनी नाटक आणि चित्रपट दोन्ही पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

मी लंडनजवळ राहते. हे संगीत नाटक इथे १९८५ साली आलं ते अजून चालू आहे. मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा सगळ्यात वरच्या बाल्कनीतून. आईला इथे आणून थिएटरात बसवायचं ठरलं होतं, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला नको म्हणाले. तेव्हा आता घरचा टीव्ही.

आईचं वय ७३. इंग्रजी जेमतेम, पण कान फार तयार. नाट्यसंगीतावर वाढलेली. भाकऱ्या थापताना रेडिओवर कुणी एखादी जागा घेताना घसरलं तर तिचा हात परातीतच थांबतो. बोलत काही नाही, नुसती माझ्याकडे बघते. २०१२ चा चित्रपट लावला तर ती अशीच माझ्याकडे बघेल, याची मला धास्ती आहे.

कारण रसेल क्रोचा झावेर. झावेर म्हणजे १९ वर्षं तुरुंगात काढलेल्या जाँ वालजाँच्या मागे जन्मभर लागलेला पोलीस अधिकारी. तो दुष्ट नाही. कायदा म्हणजे देवाने लावलेली शिस्त, असं तो मनापासून मानतो. रात्री ताऱ्यांकडे बघत तो वालजाँला पकडण्याची शपथ घेतो, ते ‘स्टार्स’ हे गाणं. संथ सुरू होतं, पायरीपायरीने चढतं आणि शेवटचा सूर छाती भरून लांबवावा लागतो. मोडेन पण वाकणार नाही, हे त्या एका सुरात ऐकू येतं. इंग्रजी न कळणाऱ्यालाही.

चित्रपटात क्रो पॅरिसच्या छपरांवर, कठड्याच्या अगदी काठावरून चालत हे गातो. दृश्य सुंदर. पण आवाज पातळ, आणि ओळ संपायच्या आत सूर खाली बसतो. दिग्दर्शक टॉम हूपरने सगळ्यांना सेटवरच गायला लावलं होतं. नटांच्या कानात फक्त पियानो, वाद्यवृंद नंतर चढवलेला. फाँतीन या दुर्दैवी आईच्या भूमिकेतल्या ॲन हॅथवेला या पद्धतीचा केवढा फायदा झाला! ती रडत, तुटत गाते तेव्हा गाणं आणि बोलणं वेगळं राहत नाही, आणि तिला ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. पण झावेर तुटका नाही ना! तुटतो तो अगदी शेवटी. तोवर त्याचा आवाज भिंतीसारखा हवा.

मला जास्त लागलेली गोष्ट अशी, की लंडनचा पहिला वालजाँ, कॉम विल्किन्सन, याच चित्रपटात बिशपच्या छोट्या भूमिकेत आहे. म्हणजे गाणारी माणसं दिग्दर्शकाला माहीत होती. तरी झावेरला नाव बघितलं गेलं.

दुसरा पर्याय म्हणजे १९९५ ची रॉयल अल्बर्ट हॉलमधली दहाव्या वर्धापनदिनाची मैफल. त्यात फिलिप क्वास्टचा झावेर आहे, आजवर ऐकलेला सगळ्यात भरदार. पण तिथे सगळे वेशभूषा करून माइकसमोर उभे राहतात. ना गल्ली, ना तुरुंग, ना बंडखोरांचं बॅरिकेड. गोष्ट माहीत नसलेल्या आईला कोण कुणाचा कोण ते कसं कळणार?

गोष्ट कळावी म्हणून गळा सोडू, की गळ्यासाठी गोष्ट?

पायपेटी
मैफलच दाखवा. फक्त २०१० ची, पंचविसाव्या वर्षाची नको. त्यातला झावेर नॉर्म लुईस उत्तम, वालजाँ आल्फी बोसुद्धा. पण मार्युस या तरुण प्रेमिकाच्या भूमिकेला निक जोनसला घेतलंय आणि बाकीच्यांच्या शेजारी त्याचा आवाज अगदी पोरका वाटतो. दुखणं तेच, फक्त पात्र बदललं.

कृष्णाकाठ
थोडं वेगळं मत मांडतो. सुरुवातीला कैदी पाण्यात उभे राहून दोरांनी जहाज ओढतात आणि झावेर वरून बघत उभा असतो, तिथे क्रोचा चेहरा बघा. एक शब्द न बोलता दरारा आहे. हे रंगमंचावर शेवटच्या रांगेला कधीच दिसत नाही. आणि दुसऱ्याचा आवाज वापरला असता तर? २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब सचिन पिळगांवकर आणि गळा राहुल देशपांडे यांचा. माझ्या वडिलांनी वसंतरावांचे खाँसाहेब नाटकात ऐकलेले. चित्रपट बघताना ते डोळे मिटून बसले. नातवाच्या गळ्यात आजोबा सापडले, पण चेहऱ्याकडे बघायला ते तयार नव्हते.

धागाकर्ती
पायपेटी, आभार. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून गलबललं. चेहऱ्याबद्दल तुमचं पटलं. उसन्या आवाजाबद्दल माझं अजून ठरत नाही. ‘माय फेअर लेडी’ रंगमंचावर ज्युली अँड्र्यूजने गाजवलं आणि १९६४ च्या चित्रपटात घेतली ऑड्री हेपबर्न, कारण ज्युलीला पडद्यावर कोणी ओळखत नव्हतं. बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात, आणि तिचं नाव श्रेयनामावलीत नाही. त्याच वर्षीच्या ‘मेरी पॉपिन्स’साठी ज्युलीला ऑस्कर मिळालं, ऑड्रीला नामांकनसुद्धा नाही. यात ऑड्रीवरही अन्याय झाला असं मला वाटतं. सूर कमी पडला असेल, पण क्रोचा निदान स्वतःचा आहे.

तिसरी घंटा
ताई, एकच निवडायची सक्ती कुणी केलीय? आदल्या दिवशी आईंना गोष्ट सांगा, कीर्तनात आख्यान लावतात तशी, नावं आणि नाती नीट घोळवून. मग चित्रपटाचा सुरुवातीचा भाग हॅथवेच्या गाण्यापर्यंत दाखवा. गल्ल्या, कपडे, गरिबी डोळ्यांत भरली की बंद करा आणि दुसऱ्या दिवशी मैफल पहिल्यापासून लावा. आणि शेवटी झावेर पुलावर आला की काही बोलू नका.

धागाकर्ती (सांगलीहून)
तिसरी घंटा, तुमच्या सांगण्याप्रमाणेच केलं. गोष्ट सांगताना आई शेंगा सोलत होती. बिशपने चांदीची भांडी चोरणाऱ्या वालजाँलाच वरून दोन मेणबत्तीदानं दिली, हे ऐकून म्हणाली, “अगं, एकनाथांच्या घरचीच गोष्ट की ही.”

चित्रपट हॅथवेपर्यंत पाहिला. तिचं गाणं संपल्यावर आईने पदराने डोळे टिपले. पुढचं ‘स्टार्स’ मात्र मुद्दाम लावलं, मला बघायचंच होतं. ती माझ्याकडे वळली नाही, टीव्हीकडेच बघत म्हणाली, “माणूस सज्जन दिसतोय. पण ह्याला श्वास पुरत नाहीये, सारखा मध्येच सोडतोय. कुणी शिकवलं नाही का ह्याला?” तिला त्याचा राग आला नाही, काळजी वाटली. तेव्हापासून माझाही राग उतरलाय.

दुसऱ्या दिवशी मैफल. क्वास्टचा तो शेवटचा सूर लागला आणि आईची बोटं मांडीवर थांबली. मग म्हणाली, “हा चुकतोय, पण खरा आहे.” ‘चुकतोय’ हे झावेरबद्दल, गाण्याबद्दल नव्हे.

आणि पूल. झावेर जीव द्यायला निघतो ते गाणं सुरू झालं. मी काही बोलले नाही. आई चार ओळी ऐकून सरळ बसली. “ही चाल आधी झालीय. तो चोर बिशपच्या घरातून निघाल्यावर गातो ना, तीच.” खरंच तीच आहे. एक त्या चालीवर नवा जन्म घेतो, दुसरा मरतो. माझ्या हे दुसऱ्यांदा नाटक बघताना लक्षात आलं होतं, तेही कार्यक्रमपत्रिका वाचून.

आता पुढची मदत. मैफलीच्या शेवटी देशोदेशीचे १७ वालजाँ आपापल्या भाषेत एकेक ओळ गातात. आईला त्यातला जपानी फार आवडला, तीनदा मागे नेऊन ऐकला. त्याचं पूर्ण गाणं कुठे ऐकायला मिळेल, कुणाला माहीत आहे का? माझं परतीचं विमान २४ तारखेला आहे, त्याआधी मिळालं तर फार बरं होईल.