मदत हवी आहे: गाईची वार काढल्यानंतर ताप, ब्रुसेलाची (जनावरांकडून माणसाला लागणारा जंतू) शंका

मी मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे. गाभडलेल्या गाईची अडकलेली वार (गर्भासोबतची अपरा) हाताने काढताना खांद्यापर्यंतचा हातमोजा फाटला, त्यात हातावर आधीचे ओरखडे होतेच. आता काही आठवड्यांनी संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात. फिजिशियननी टायफॉइड समजून गोळ्या दिल्या. जनावरांचं सांगितलं तर "बघू" म्हणाले. (गोठ्यात पहिला प्रश्न आपण उलटा विचारतो: घरात कुणाला ताप आहे का?)

रोज बेंगॉल (ब्रुसेलाची झटपट रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आली आहे. पुढे ट्यूब अ‍ॅग्लुटिनेशनचा टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीजचं प्रमाण) पुरेसा, की रक्ताचं कल्चरही लावू? अँटिबायोटिक आधीच पोटात गेल्यावर कल्चरमध्ये काही उगवतं का? लॅबला शंका आधी कळवणार आहे, कारण हा जंतू तिथल्या लोकांनाही लागतो. मी जनावरांना ब्रुसेलाची एस-१९ लस वर्षानुवर्षं टोचतोय. ती जिवंत लस, सुई बोटात गेली तर माणसालाही आजार देते. मग जुन्या संपर्कामुळे टायटर वाढलेला असू शकतो का? हे कसं ओळखायचं? क्यू फीवर आणि लेप्टो (जनावरांकडूनच लागणारे दुसरे आजार) यांची तपासणी याच रक्तात उरकावी का?

दुसरं, माझा मदतनीसही उघड्या हातांनी तिथेच होता. त्याला अजून काही त्रास नाही. डॉक्सीसायक्लिन-रिफाम्पिसिनचा तीन आठवड्यांचा प्रतिबंधक कोर्स इतक्या उशिरा देण्यात अर्थ आहे, की फक्त रक्त तपासत राहायचं?

ज्यांनी स्वतः हे भोगलंय, त्यांनी कृपया आधी लिहा. संसर्गरोगतज्ज्ञ कुणी असतील तर उत्तमच.