मदत हवी आहे: लिंटर कॉलम चुकवतो, बग म्हणून नोंदवू की फीचर मागू?

नमस्कार मंडळी. लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) चूक ओळीत कितव्या जागी आहे, म्हणजे तिचा कॉलम, सांगतो; पण ओळीत देवनागरी आली की त्यापुढच्या चुकीचा कॉलम सरकतो. 'सांगली' लिहिलं की १२ने, 'मिरज' लिहिलं की ८ने. कारण उघड आहे: 'सांगली'चे कोडपॉइंट (युनिकोडमधली अक्षर-मात्रांची एकेक चिन्हं) ६, पण यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायच्या पद्धतीत) बाइट १८, लिंटर बाइट मोजतोय. एडिटर बंद ठेवून टर्मिनलवर चालवलं तरी आकडा तोच, म्हणजे एडिटर निर्दोष.

दोन ओळींची फाइल, नेमकी कमांड, आवृत्ती, अपेक्षित आणि मिळालेला कॉलम एवढं नोंदीसाठी तयार आहे. (स्क्रीनशॉट नाही, त्यातून मजकूर कॉपी होत नाही.)

अडचण अशी, की कॉलम कशात मोजायचा हे लिंटर बनवणाऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत कुठंच नाही. मग 'असंच अपेक्षित आहे' म्हणून बग बंद करतील का? एकक निवडायचा पर्याय त्यातच मागावा, की वेगळी नोंद करावी?